आईचे गुडघे घेऊन पामुक्कालेला

तुर्कस्तानला चाललोय म्हटल्यावर ऑफिसमधल्या प्रत्येकाने एकच विचारलं, बलूनमध्ये बसणार ना? आणि मी म्हणायचे की कप्पाडोकियाला जातच नाहीये, तेव्हा लोक असे बघायचे की ही कोल्हापूरला जाऊन अंबाबाईचं दर्शन न घेता परत येणार. आम्ही चाललो होतो गरम पाण्यात बसायला. बस्स.

आम्ही म्हणजे मी आणि आई. आईचं माहेर संगमेश्वर तालुक्यातलं, तुरळ-राजवाडीची गरम पाण्याची कुंडं म्हणजे तिच्यासाठी काही टुरिस्ट स्पॉट नाही, लावणी आटपली की आजी आणि वाडीतल्या बायका कंबर शेकायला जायच्या आणि ही त्यांच्या मागे लागायची. त्यामुळे गुडघे बोलायला लागल्यापासून तिचं एकच पालुपद, गोळ्या कसल्या गिळायच्या, आठवडाभर कुंडात बसले तर मोकळी होईन. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की झीज झालीये ती भरून यायची नाही, पण शेक म्हणून चांगलं आहे, बीपी ताब्यात असेल तर एका वेळी १५-२० मिनिटं, जास्त नाही. हे १५-२० मिनिटं लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

हे सगळं नोव्हेंबर २०१९ चं. तुळशीचं लग्न झालं आणि निघालो. व्हिसाचं आमचं सोपं झालं कारण भाऊ न्यू जर्सीला असतो म्हणून दोघींकडे अमेरिकेचा चालू व्हिसा होता, आणि तुर्कस्तानचा ई-व्हिसा आपल्या पासपोर्टवर तसाच मिळतो, म्हणजे अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेनचा चालू व्हिसा किंवा तिथला राहायचा परवाना हातात असेल तर. नसेल तर मग साधा स्टिकर व्हिसा, कागदपत्रं, बँक स्टेटमेंट वगैरे सगळं आलं. मुंबई-इस्तंबूल थेट विमान, तिथून देनिझलीचं छोटं विमान. देनिझलीचा विमानतळ देनिझलीत नाहीये हे आधी माहीत असावं, तो चार्दाकला आहे, चांगला ६०-६५ किलोमीटर लांब, पण बाहेर शहरात जाणाऱ्या बस उभ्या असतात. ओटोगारला, म्हणजे एसटी स्टँडला उतरायचं आणि तिथून डोलमुश पकडायचा. डोलमुश म्हणजे आपलं वडाप. शब्दाचा अर्थच भरलेलं, डोलमा म्हणजे भरलेली भाजी तसा डोलमुश म्हणजे भरलेली गाडी. आई म्हणाली म्हणजे आपण भरली वांगी. मागच्या माणसाचे पैसे पुढच्याच्या हातात देत देत ड्रायव्हरपर्यंत जातात आणि सुटे त्याच रस्त्याने परत येतात, एकाही माणसाला मध्ये काही वाटत नाही.

आता एक गोष्ट, जी मला आधी दोन महिने वाचूनही नीट कळली नव्हती. पामुक्काले, तो पांढरा डोंगर, आणि काराहायीत, ही दोन वेगळी गावं आहेत, मध्ये ५ किलोमीटर. पांढऱ्या डोंगरावरचं पाणी साधारण ३५ अंश, म्हणजे कोमटच्या जरा वर. शेकायचं पाणी आहे ते काराहायीतला, ५० अंशांच्या वर, लोखंडाने लाल झालेलं. बाहेरचे टुरिस्ट अंताल्याहून नाहीतर कुशादासीहून सकाळी बसने येतात, डोंगरावर फोटो काढतात, जेवतात आणि संध्याकाळी परत. काराहायीतला असतात ते तुर्की लोक. आज्या, आजोबा, त्यांची पोरं, पोरांच्या बायका, स्टोव्ह नि भांडी घेऊन आलेले, आठ आठ पंधरा पंधरा दिवस राहणारे. मी चार रात्री काराहायीतला काढायच्या ठरवल्या हे माझ्या आयुष्यातल्या मोजक्या बरोबर निर्णयांपैकी एक.

फक्त हॉटेल चुकलं. नाव सांगत नाही. खोलीत थर्मल पाणी असं लिहिलेलं, खोली छान, पांढरीशुभ्र, टब चकचकीत. मी खूष. आई बाथरूममध्ये गेली, चष्मा लावून नळाखाली वाकली, बोट फिरवून बघितलं आणि बाहेर येऊन म्हणाली, अगं हे पाणी खोटं आहे. म्हटलं आई आत्ताच तर आलोय, नळ सोडलापण नाहीस. तर म्हणे नळाखाली डाग कुठाय? गरम झऱ्याचं पाणी रोज पडतं तिथे डाग पडल्याशिवाय राहतो का, दगडावर पडतो, पितळेवर पडतो, यांच्या टबला पडत नाही? रिसेप्शनवरच्या पोराला गूगल ट्रान्सलेटवर विचारलं तर त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की थर्मल पाणी खालच्या हावुझमध्ये आहे, खोलीत साधं. आणि खालचा हावुझ? दुरुस्तीला. हावुझ म्हणजे हौद बरं का. हा शब्द आईने पहिल्या तासात उचलला आणि मग चार दिवस ती प्रत्येकाला 'हावुझ?' एवढं एकच विचारत फिरली आणि प्रत्येकाने तिला बरोबर जागी नेलं.

एक रात्र काढून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मागच्या गल्लीतल्या एका पेन्शनमध्ये गेलो. पेन्शन म्हणजे घरगुती लॉज. खाली मालकीणबाई, वर सहा खोल्या. आणि बाथरूम बघून मला रडू यायचं बाकी होतं, कारण टब म्हणजे जमिनीत बांधलेला टाइल्सचा चौकोनी हौद, मूळ रंग कुठला होता देव जाणे, आता सगळा गेरूसारखा, नळाच्या तोंडाला जाड खरपूस थर. आई म्हणाली, हं, हे खरं.

मालकीणबाईंना, त्यांना सगळे आब्ला म्हणायचे म्हणजे ताई, मराठी येत नव्हतं आणि आम्हाला तुर्की, पण त्यांनी हौदाचं शिक्षण हातवारे करून आम्हाला व्यवस्थित दिलं. पद्धत अशी. पाणी येतं तेव्हा त्यात हात घालता येत नाही इतकं गरम. गार पाणी मिसळायचं नाही, अजिबात नाही, त्यांनी गार नळाकडे बोट दाखवून जीभ टाळूला लावून 'च्च' केलं आणि भुवया वर केल्या, तुर्की लोकांचं नाही म्हणायचं हे असं असतं, मान हलत नाही. हौद भरून ठेवायचा आणि दीड-दोन तास सोडून द्यायचा. रात्री झोपायच्या आधी बसायचं असेल तर सात वाजता नळ सोडा, जेवून या, जिरवा, मग बसा. जेवल्या जेवल्या बसायचं नाही. बसून झालं की अंग धुवायचं नाही, नुसतं टिपायचं, आणि पांघरूण घेऊन अर्धा तास पडायचं, घाम येऊ द्यायचा. आई माझ्याकडे बघून म्हणाली, माझी आई हेच सांगायची, अगदी घामासकट.

हौद गार होत असताना पाण्याचं रूप बदलतं. नळातून येताना पाणी स्वच्छ, पारदर्शक. दोन तासांनी गढूळ, नारिंगी, आणि वर एक पातळ साय, बोटाने ढकलली की तुकडे होऊन बाजूला जाते, चहा फार वेळ राहिला की येते तशी पण कुरकुरीत. पाण्यात विरघळलेलं लोखंड हवा लागली की गंजून खाली बसतं, तोच तो रंग. मी पहिल्या रात्री पांढरा टीशर्ट घालून बसले. तो टीशर्ट अजून आहे, आता होळीला घालते.

पहिल्या रात्री आई १५ मिनिटं बसली. घड्याळ बाहेर कमोडवर ठेवून. मी चाळीस. कारण मला काय झालंय, मी तरुण. बाहेर आले, खोलीभर काजवे, भिंत धरून खाली बसले आणि आईने अशी काही हाक मारली की खालून आब्ला धावत वर. तिने एक नजर टाकली, खाली गेली आणि पेलाभर आयरान घेऊन आली, मीठ घातलेलं पातळ ताक, आणि मी पीत असताना आईकडे बघून माझ्याबद्दल जे काही बोलली ते मला शब्दन् शब्द कळलं. जाताना म्हणाली 'गेच्मिश ओल्सुन'. आजारी माणसाला म्हणतात, सरून जावो असं काहीतरी. सकाळी नाश्त्याला येणाऱ्या बाकीच्या पाहुण्यांनीपण मला एकेक करून गेच्मिश ओल्सुन म्हटलं तेव्हा कळलं की बातमी सगळ्यांना झालीये.

गावातलं लाल पाणी म्हणजे किर्मिझी सू. किर्मिझी म्हणजे लाल, आपलं किरमिजी. रस्त्याच्या कडेलाच आहे. पामुक्कालेच्या फोटोंची अपेक्षा ठेवून गेलात तर हिरमोड होईल, कारण तो एक छोटासा लाल-हिरवा-पिवळा खडकाचा गोळा आहे, वरून वाफाळतं पाणी ओघळतंय, आणि खाली उथळ टाक्यांभोवती सलवारी गुडघ्यापर्यंत वर करून बसलेल्या बायका. एका टाक्यात पाय घालता येणार नाहीत इतकं गरम, पुढच्यात जरा कमी, त्याच्या पुढच्यात बसण्यासारखं. बायका एकमेकींना सरकून जागा करून देतात. तळाचा लाल गाळ हातात घेऊन गुडघ्यावर थापायचा, वाळेपर्यंत बसायचं, मग त्याच पाण्याने धुवायचं. आईने गाळ बोटांत चोळून बघितला आणि म्हणाली, हा तर गेरूच की गं. शेजारच्या आजींनी, सत्तरी उलटलेल्या असतील, आईच्या गुडघ्यावर हात ठेवून स्वतःच्या गुडघ्याकडे बोट दाखवलं. आईने मान हलवली. मग त्यांनी दहा बोटं आणि मग पाच बोटं दाखवली, मला वाटलं १५ मिनिटं, तर नाही, १५ वर्षं त्या दर वर्षी येतायत असं नंतर त्यांच्या नातीने इंग्रजीत सांगितलं. कोन्याहून. गुडघा बरा झाला का विचारलं तर नात हसून म्हणाली, नाही, पण इथून गेल्यावर हिवाळा बरा जातो.

थोडं पांढऱ्या डोंगराबद्दल, कारण ते टाळून कसं चालेल. पामुक म्हणजे कापूस, काले म्हणजे किल्ला. १९८८ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, नुसता डोंगर नाही तर वरचं हियरापोलिस हे जुनं शहरसुद्धा. आत जायला तीन दारं आहेत आणि कुठलं घ्यायचं यावर तुमचा दिवस कसा जाणार हे ठरतं. खालच्या गावातल्या दारातून गेलात तर अनवाणी पांढऱ्या उतारावरून चढत जायचं. दक्षिणेच्या दारातून गेलात तर वरचा हौद, म्युझियम, पांढरी तळी सगळं जवळ. आणि उत्तरेच्या दारातून गेलात तर आधी दोन हजार वर्षांपूर्वीचं स्मशान. आम्ही काराहायीतहून डोलमुशमध्ये बसलो, तो आपसूक उत्तरेच्या दारासमोरून जातो, ड्रायव्हर म्हणाला पामुक्काले, आम्ही उतरलो. आणि मग गुडघेवाल्या बाईला घेऊन मी दोन किलोमीटरच्या वर थडग्यांतून चालत गेले. बाराशेच्या वर थडगी आहेत तिथे, घरासारखी, पेटीसारखी, मातीच्या ढिगाऱ्यासारखी गोल. चार वेळा बसावं लागलं. एकदा आई एका दगडी शवपेटीच्या कडेला टेकली आणि म्हणाली, बसू ना, कोणी उठणार तर नाही? तिथल्या गाड्या असतात पर्यटकांना नेणाऱ्या, पण ते मला परत येताना कळलं. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणाऱ्यांनी दक्षिणेचं दार धरा, चार पैसे जास्त गेले तरी टॅक्सी करा.

अर्थात उत्तरेकडून गेलो म्हणून फ्लाव्हियस झ्यूक्सिसचं थडगं बघायला मिळालं. हा व्यापारी होता आणि त्याने थडग्यावर कोरून ठेवलंय की ग्रीसमधल्या मालियाच्या भूशिराला वळसा घालून आपण ७२ वेळा इटलीला जाऊन आलो. दुसरं फार काही नाही, देवधर्म नाही, ७२ फेऱ्या. ही माहिती मी आईला वाचून दाखवली तर म्हणाली, बायकोचं नाव आहे का? बघितलं. तिथे मुलांची नावं आहेत, बायकोचं मला सापडलं नाही. आई म्हणाली ७२ वेळा बाहेर असेल तर लक्षात कसं राहील.

पांढऱ्या तळ्यांपाशी आलं की बूट काढायचे. पिशवी बरोबर ठेवा, हातात धरून फिरावं लागतं. कोणी चुकून बूट घालून पुढे गेलं की शिट्टी वाजते. नोव्हेंबरात वारा चांगला बोचरा होता, दगड थंडगार, आणि पायाखाली तो पांढरा खडक अजिबात कापूस नाही, नुकतीच टाकी लावलेल्या जात्यासारखा खरखरीत, बारीक बारीक लाटा. चालताना लोक आई गं, उई करत असतात सगळ्या भाषांत. पण पाण्यात पाय पडला की ऊब, आणि तळाशी गाळ इतका मऊ, पानाच्या चुन्यासारखा, बोटांमधून वर येतो. आईने माझा दंड घट्ट धरलेला, कारण गाळ असेल तिथे निसरडं आणि गाळ नसेल तिथे टोचतं.

हे होतं कसं ते कळायला पुण्यातला कुठलाही बोअरवेलचा गिझर उघडून बघावा. कॉइलवर जमतो तो पांढरा थर, तोच हा. जमिनीखालून येणाऱ्या पाण्यात चुना विरघळलेला असतो, कार्बन डायऑक्साइडच्या जोरावर, सोड्याच्या बाटलीसारखा. वर आलं की गॅस उडून जातो आणि चुना धरून ठेवायला काही राहत नाही, तो जेलीसारखा बसतो आणि मग वाळून दगड होतो. आपण गिझर बदलतो, त्यांनी तिकीट लावलं. हा जोक मी तिथे आईला सांगितला, ती हसली नाही.

आता जरा निराशेचं. फोटोत दिसतात तशी सगळी तळी भरलेली नसतात. पाणी मोजकं आहे आणि ते पाळीपाळीने सोडतात, आज या बाजूला, उद्या त्या बाजूला, उरलेला भाग वाळू द्यायचा कारण कायम ओलं राहिलं तर शेवाळ येऊन हिरवं-काळं पडतं. आणि ज्या तळ्यांमध्ये आपण पाय घालतो ती मुळात निसर्गाची नाहीत, आधी डोंगरावरून सरळ गाडीरस्ता केला होता आणि वर अवशेषांच्या डोक्यावर हॉटेलं बांधली होती, झऱ्याचं पाणी आपल्या हौदांत घेऊन वापरलेलं पाणी उतारावर सोडायची. डोंगर तपकिरी पडत चालला. नव्वदच्या दशकात ती हॉटेलं पाडायला घेतली आणि रस्त्याच्या जागी ही तळी बांधली. अर्ध्या उतारावर एक मुलगी लाल गाऊन घालून फोटो काढत होती आणि तिचा नवरा की मित्र की कोण तो गुडघाभर पाण्यात उभा राहून लांबची कोरडी तळी फ्रेममध्ये येऊ नयेत म्हणून घामाघूम. आईने अर्धा तास त्यांना बघितलं, पाय पाण्यात सोडून. म्हणाली सिरियलपेक्षा बरं.

वर जुना हौद आहे, त्याला क्लिओपात्राचा हौद म्हणतात. त्याच्या तळाशी संगमरवरी खांब आडवे पडलेत, ७ व्या शतकातल्या भूकंपात पडलेले, आणि क्लिओपात्रा त्याच्या सातशे वर्षं आधी गेली, तेव्हा ती नक्की कशात डुंबली हे तिकीटवाल्याला विचारू नये. पोहायचं तिकीट वेगळं. आम्ही गेलो. गर्दीच्या सीझनमध्ये म्हणे आत शिरायला जागा नसते, आमच्या वेळी पंधरा-वीस माणसं असतील. कपड्यांचा प्रश्न आईला पुण्यापासून छळत होता, तर तिथे आपादमस्तक झाकलेल्या हाशेमावाल्या बायकाही होत्या आणि दोन बोटांची बिकिनी घातलेल्या रशियन बायकाही, आणि आई नायलॉनची लेगिंग आणि फुल बाह्यांचा टॉप घालून दोघींच्या मधोमध एका खांबावर बसली. रोमन खांबावर. छातीपर्यंत पाणी, अंगावर बुडबुडे चिकटतात, हाताचे केस ताठ उभे राहतात आणि प्रत्येकाच्या टोकाला एक बारीक मोती, हात फिरवला की सगळे सुटून वर पळतात आणि पुन्हा नवीन चिकटतात. आई हे दहा मिनिटं करत होती. बुडबुडे आले की पुसायचे, आले की पुसायचे.

हाच गॅस थोड्या अंतरावर जीवघेणा आहे. प्लुटोनियन म्हणून एक जागा आहे, पाताळाचं दार. भेगेतून येणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. जुन्या काळी पुजारी बैल घेऊन आत जायचे, बैल कोसळायचा आणि पुजारी चालत बाहेर, कारण पुजाऱ्याचं डोकं गॅसच्या थराच्या वर. स्त्राबो या जुन्या ग्रीक भूगोलकाराने लिहून ठेवलंय की त्याने चिमण्या आत सोडल्या आणि त्या पटकन मेल्या. इटालियन पुरातत्त्ववाल्यांनी ही जागा सापडल्याचं २०१३ मध्ये जाहीर केलं. आत जाऊ देत नाहीत, कठड्याच्या बाहेरून बघायचं. मला पूर्ण हियरापोलिसमध्ये हीच जागा सगळ्यात आवडली. थिएटर मोठं आहे, सुंदर आहे, चढ आहे, आई खाली थांबली आणि मी धावत जाऊन आले, एवढंच.

हमाम राहिला. तिसऱ्या दिवशी. गावातल्या एका मोठ्या हॉटेलात बाहेरच्यांनाही पैसे देऊन जाता यायचं, बायकांची वेळ वेगळी. हौदात उतरायचं तर डोक्याला बोने लागतो, प्लास्टिकची टोपी, नसेल तर काउंटरवर विकत. हमाममध्ये तो लागत नाही. तिथे पेश्तेमाल मिळतो, चौकड्यांचा पंचा, तो गुंडाळायचा. आत मध्यभागी संगमरवराचा मोठा ओटा, खालून तापवलेला, त्याला गोबेक ताशी म्हणतात, बेंबीचा दगड. त्यावर आधी नुसतं पडून राहायचं, दहा-पंधरा मिनिटं, घाम येईपर्यंत. आई पडल्या पडल्या म्हणाली, आई गं काय बरं वाटतंय, आणि नंतर एकदम गप्प, मला वाटलं झोपली.

मग नातिर आली, अंघोळ घालणारी बाई, दंड असे की पैलवान. हातात केसे, खरखरीत कापडाची पिशवी, आपल्या खिशाचीच बहीण म्हणा. आईला आधी वाटलं की ती नुसतं साबण लावणार. पहिला हात पाठीवरून फिरला आणि आई ओरडली, अगं हिला सांग कातडी काढायची नाहीये! नातिर हसली आणि तिने दंडावरून हात फिरवून आईला दाखवलं, मळाच्या करड्या शेवया. म्हणजे अक्षरशः शेवया, वळवटासारख्या. आई इतकी ओशाळली की काय सांगू. रोज दोन वेळा अंघोळ करणारी बाई, उटणं लावणारी, नरकचतुर्दशीला पहाटे चारला उठवणारी. ती मला म्हणाली, तिला सांग हे तिच्या पिशवीचं आहे. मी नाही सांगितलं. मग माझी पाळी आली आणि माझ्या शेवया तिच्यापेक्षा जाड निघाल्या तेव्हा आईचा जीव भांड्यात पडला.

त्यानंतर फेस. एक पिशवी, उशीच्या अभ्र्यासारखी, साबणाच्या पाण्यात बुडवून हवेत फिरवून फुगवायची आणि तिच्यातून पिळून फेस अंगावर सोडायचा. फुटभर उंच फेस, आई दिसेनाशी. मग दगडी घंगाळातून, त्याला कुर्ना म्हणतात, तांब्या तांब्याने पाणी. न सांगता. डोक्यावरून. आई डोळे मिटून बसली होती, गुडघे जवळ घेऊन, आणि नातिर एका हाताने तिची हनुवटी वर धरून दुसऱ्या हाताने पाणी घालत होती, साबण डोळ्यांत जाऊ नये म्हणून कपाळावर तळहाताची पाळ करून. मी बाजूला बसून बघत होते. आईला कोणी अंघोळ घालताना मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. बाहेर आल्यावर आई बराच वेळ काही बोलली नाही. काउंटरवरची मुलगी म्हणाली 'सिहातलर ओल्सुन', अंघोळ करून आलेल्याला म्हणतात, तब्येतीला मानवो अशा अर्थी. न्हाव्याकडून आलेल्यालापण.

खाण्याचे हाल होतील वाटलं होतं, अजिबात नाही झाले. मर्जिमेक म्हणजे मसूर, त्याचं सूप, लिंबू पिळून, रोज. गोझलेमे, म्हणजे पातळ लाटलेली पोळी, आत चीज किंवा पालक, तव्यावर बायका समोर बसून भाजतात, आई त्यांच्या लाटण्याकडे बघत बसायची, काठीसारखं बारीक आणि लांबच लांब. डाळिंबाचा रस. देनिझलीचे फुटाणे, लेब्लेबी म्हणतात त्याला, मी भारतातून फुटाणे नेले होते प्रवासात खायला, शेवटी आईने आब्लाला ते दिले आणि तिने आईला लेब्लेबी, दोघींनी एकमेकींचे चावून बघितले आणि दोघींनाही स्वतःचेच आवडले असा माझा अंदाज.

शेवटच्या दिवशी विमान संध्याकाळचं होतं म्हणून वाटेत लाओदिकियाला उतरलो, हेही एका जुन्या शहराचे अवशेष, डोलमुशच्या रस्त्यावरून जवळच आहे. आईने बसून राहणं पसंत केलं. मी एकटी तासभर फिरले. तिथे दोन हजार वर्षांपूर्वीचे पाण्याचे पाइप आहेत, आतून चुन्याने बुजत आलेले, करंगळी जाईल एवढीच भोकं उरलेली. आणि तिथेच इ.स. ११४ चा पाण्याचा कायदा संगमरवरात कोरलेला सापडलाय, सार्वजनिक पाणी फुकट वापरलं, पाइप फोडला, तर दंड, सगळ्यात मोठा १२,५०० दिनार. मला आमच्या सोसायटीच्या वॉचमनने टँकरच्या दिवशी लावलेली पाटी आठवली.

देनिझली टॉवेलांचं गाव आहे, कोंबड्याचं आणि टॉवेलांचं, कोंबडा लांब बांग देतो म्हणून प्रसिद्ध आणि त्याचे पुतळेही आहेत शहरात. आईने टॉवेल घेतले. किती ते सांगत नाही, चेक-इनला बॅग उघडून दोन टॉवेल गळ्यात घालून विमानात बसलो एवढं पुरे.

आणि त्या बॅगेत अजून एक गोष्ट होती जी मला मुंबईला कळली. कॉफीची रिकामी बरणी, झाकणाला टेप लावलेला, आत किर्मिझी सूचा लाल गाळ. शेवटच्या सकाळी ती एकटी जाऊन भरून आली होती, हावुझ हावुझ करत. मला वाटलं गुडघ्यांना लावायला. गुडघ्यांना दोनदा लावलाही. मग डिसेंबरात एक दिवस मी ऑफिसातून आले तर बाल्कनीत तुळशीची कुंडी लालभडक, आणि आई वर्तमानपत्रावर बसून ब्रश धूत होती. म्हणाली, बाजारातला गेरू इतका चढत नाही. पहिल्या पावसात निम्मा वाहून गेला, बाल्कनीच्या टाइल्सवर डाग आहे तो अजून निघत नाहीये.